पत्त्यावरचा उलटा माणूस

आमच्या घरी हळू बोलणं कुणालाच जमत नसे. खाली नानांची पिठाची गिरणी आणि तिच्या डोक्यावर आमच्या दोन खोल्या, त्याही पंचवटीतल्या अशा एका बोळात की समोरून रिक्षा आली तर सायकलवाल्याने कुणाच्या तरी ओट्यावर चढावं. गिरणी सुरू झाली की पायांखालची फरशी थरथरायची, फळीवरचे पेले एकमेकांना लागून वाजत राहायचे, आणि आई 'मीठ संपलंय' एवढंच अशा आवाजात सांगायची की नव्या माणसाला वाटावं, घर पेटलंय. मधेच वीज जायची. पट्टा फटफट करत मंदावायचा, जातं थांबायचं, आणि आपण केवढ्याने ओरडत होतो हे लक्षात येऊन सगळे एकदम गप्प व्हायचे. अजूनही मी फोनवर ओरडते. माझी लेक म्हणते, "आई, फोन आहे तो, आवाज पलीकडे नेणं त्याचं काम आहे." तिला काय कळणार, ती गिरणीवर वाढली नाही.

नाना सकाळी काळेसावळे खाली उतरायचे आणि संध्याकाळी पांढरे होऊन वर यायचे. भुवया, कानाच्या पाळ्या, मनगटावरचे केस, सगळं पिठाने भरलेलं. मोजकं बोलणारा माणूस. गिऱ्हाइकाने डबा ठेवला की मान हलवायची, डबा नेला की मान हलवायची. आई मात्र बागलाणची, माहेर नामपूरचं, कांद्याच्या बाजारात मोठी झालेली. शहरात येऊन इतकी वर्षं झाली तरी घाबरली की किंवा चिडली की तिच्या तोंडून माहेरची भाषा उसळून यायची. तिच्या हातची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि तव्यावर तेल टाकून रगडलेली हिरवी मिरची हे आमचं रोजचं जेवण. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी यायचं आणि तरी दुसरी भाकरी मागितली जायची. भाकरीचं पीठ नुकतंच जात्यातून पडलेलं, हाताला गरम लागणारं. असं पीठ आता कुठे मिळत नाही. पिशवीतलं आणते आणि गुपचूप खाते, तक्रार कुणाकडे करणार.

मी संध्याकाळी तालमीत जायची. नदीच्या अंगाला पत्र्याची उंच शेड होती, मुलांसाठी लाकडी मल्लखांब आणि आम्हा मुलींसाठी वरच्या गर्डरवरून सोडलेला सुती दोर. दोरावरचा मल्लखांब ज्यांनी पाहिला नसेल त्यांना एवढंच सांगते, की पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोर पकडून वर चढायचं, मग तो मांडीला, कमरेला, घोट्याला वेढून हवेतच बसायचं, निजायचं, उलटं व्हायचं, आणि चेहरा असा ठेवायचा की जणू घरी पाटावर बसलोय. बोटांच्या बेचक्यातली कातडी सोलून निघायची. आई तिथे हळद आणि तूप लावायची आणि लावता लावता बडबडायची, "पोरी शिवण शिकत्यात, हिला टांगून घ्यायचंय." पण लावायची. शिकवणाऱ्या कुमुदताई शाळेत मास्तरीण होत्या. बुटक्या, दणकट, नऊवारीचा काष्टा मारून स्वतः दोरावर चढणाऱ्या. कौतुक करणं त्यांना ठाऊकच नव्हतं. फार आवडलं तर "हं, पुढचं" म्हणायच्या. मी त्या 'हं'साठी जीव टाकायची.

त्या वर्षी गणपतीत आमच्या तालमीचं प्रात्यक्षिक होतं. मांडव खच्चून भरलेला, पहिल्या रांगेत बायका, त्यांत आई नवं लुगडं नेसून बसलेली. माझी शेवटची पकड म्हणजे घोट्याला वेढा घेऊन डोकं खाली सोडायचं. वेढा चुकला. दोर घोट्यावर आवळत गेला, वरचा पीळ खालच्यावर चढला आणि मी एका पायावर उलटी लटकून राहिले. पुढे काय करायचं तेच सुचेना. डोक्यात रक्त भरलं, कानांत गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज, आणि खाली लोक टाळ्या वाजवतायत! त्यांना वाटलं हीच कसरत आहे. मी हातपाय झाडायला लागले तशा टाळ्या वाढल्या. मी ओरडले तेव्हा कुठे कुमुदताई धावल्या, मांडवातल्या दोघा बाप्यांनी मला खालून उचलून धरलं आणि माझी सुटका झाली. घोटा सुजला, बाकी काही नाही. लोक तर दुसऱ्या दिवशी विसरलेही.

मी विसरले नाही. तालमीत जायची, दोरावर चढायची, बसायच्या पकडी करायची, पण डोकं खाली सोडायची वेळ आली की मला खोकला यायचा, नाहीतर अंगठा दुखायचा. कुमुदताई बघायच्या आणि पुढच्या मुलीला चढवायच्या. संक्रांतीनंतर जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि उलट्या पकडीशिवाय तिथे कुणी दारातही उभं करणार नव्हतं. मला त्या संघात जायचं होतं. गिरणीच्या मापात, मार्कांच्या मापात मी कुठेच मोठी नव्हते. दोरावर चढले की मात्र सगळा बोळ माझ्याकडे मान वर करून बघायचा, आणि ते सोडायची माझी मुळीच तयारी नव्हती. त्या संघात मी आले, पुढे राज्यालाही गेले आणि तिथे सपशेल मागे पडले. हे आत्ताच सांगून टाकते. शेवटी कप मिळणार म्हणून कुणी वाचत असेल तर त्याने वेळेवर उठावं.

तर संक्रांत. आमच्याच बोळात पूर्वी राहणाऱ्या मालतीबाईंनी गंगापूर रोडला बंगला बांधला होता आणि जुन्या शेजारणींना हळदीकुंकवाला आवर्जून बोलावलं होतं. आई मला घेऊन गेली. तिळगूळ झाला, वाण म्हणून चहाची गाळणी मिळाली, उसाचे करवे आणि बोरं ओटीत पडली. आणि मग मालतीबाई म्हणाल्या, "आमच्या निर्मलाताई आल्यात मुंबईहून, माझ्या नणंद. त्या पत्ते बघून सांगतात. विलायती पत्ते असतात ते, टॅरो म्हणतात. ज्यांना बघायचंय त्यांनी आतल्या खोलीत या." बायकांमध्ये एकदम चुळबुळ. कुणी पदर सावरते, कुणी म्हणते आधी तू जा. आईला असलं काही आवडायचं. पोपटवाला दिसला की तिचे पाय थबकायचे. आपलं बघायचं सोडून तिने मलाच पुढे ढकललं. "पोरीचं बघा. दहावीला जाईल आता."

निर्मलाताई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. केस कापलेले, चष्मा साखळीने गळ्यात. त्यांनी पत्ते पिसून माझ्यापुढे पसरले आणि म्हणाल्या, "डाव्या हाताने एक उचल." मी उचलला आणि उलटला. पत्त्यावर एक माणूस होता. लाकडाच्या आडव्या खांबाला एका पायाने टांगलेला. डोकं खाली, दुसरा पाय गुडघ्यात मुडपलेला, हात पाठीमागे. घोट्याला दोर. माझा तोच पाय, माझा तोच घोटा. मला क्षणभर वाटलं, मांडवात कुणीतरी माझा फोटो काढला आणि त्याचं चित्र केलं. आई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिच्या तोंडून निघालं, "हाई काय शे!" आणि तिने पत्ता माझ्या हातातून असा उडवला की तो पलंगाखाली गेला.

"अहो बाई, घाबरू नका," निर्मलाताई घाईघाईने म्हणाल्या. "हा वाईट पत्ता नाही. थांबून विचार करा, असं सांगतो तो. मरणाचा पत्ता वेगळा असतो."

"म्हंजे तोबी हाय का यात?" आईने विचारलं आणि माझं मनगट धरून मला ओढतच बाहेर काढलं. गाळणी तिथेच राहिली.

घरी आल्यावर पहिल्यांदा दृष्ट निघाली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या. मिरच्यांचा ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट जबर होती, असं आईचं गणित. मग ती शांतपणे भाकरी थापायला बसली आणि थापता थापता म्हणाली, "दोर बंद."

"का म्हणून?"

"तुझंच चित्र होतं ते."

"पुठ्ठ्याचा तुकडा आहे तो, आई."

"पुठ्ठ्याचा असू दे नायतर सोन्याचा. एवढ्या पत्त्यांत तुझ्याच हाताला तोच कसा लागला? सांग ना. उद्यापासून तालीम बंद, मला वाद नको."

मी वाद घातला. खालून गिरणी घरघरत होती आणि वर आम्ही दोघी एकमेकींवर ओरडत होतो. मी म्हटलं, संघाची निवड आहे. ती म्हणाली, खड्ड्यात गेली निवड. मी म्हटलं, तुला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही. एवढ्यात वीज गेली. पट्टा फटफट करत थांबला. आई भाकरी तव्यावर टाकून माझ्याकडे वळली, आणि एरवी कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात म्हणाली, "नंदे, त्या दिवशी मांडवात मी टाळ्या वाजवत होते. तू तिथं लटकलीस, जीव चाललाय तुझा, आणि मी शेजारणीला सांगतीय, माझी लेक हाय ती. टाळ्या वाजवतीय. आईला कळू नये?" तवा धुरावला, भाकरी करपली. आम्ही दोघींनीही ती उलटली नाही.

इतके महिने तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. मला तिची फार माया आली आणि तितकाच रागही आला, कारण आता तिच्याशी भांडायची सोयच उरली नाही. नुसता पत्ता आडवा आला असता तर त्याच्यावर खापर फोडता आलं असतं.

पुढचे काही दिवस तो माणूस माझी पाठ सोडेना. जेवायला बसले की ताटात, पुस्तक उघडलं की पानावर. गिरणीचा पट्टा काढून नाना खुंटीला अडकवायचे, तर तिथेही तोच लोंबकळतोय. मी डोळे मिटून त्याला घालवायचा प्रयत्न केला, रामरक्षा म्हटली, हसून बघितलं. ढिम्म. उलट दर वेळी तो जास्तच भयंकर व्हायला लागला. त्याची जीभ बाहेर आली, डोळे लाल झाले, तोंड सुजलं. एका सकाळी दात घासताना माझ्या मनात आलं, की हे सगळं त्या पत्त्यावर खरंच होतं का? मी तर त्याला डोळ्याची पापणी लवेपर्यंतच बघितलं होतं. बाकीचं मीच भरत बसले होते. आणि एकदम माझं डोकं फिरलं. म्हटलं, कोण कुठला विलायती माणूस, माझ्या घरात येऊन माझा दोर बंद करतो? जाऊन नीट बघतेच त्याला.

शाळा बुडवली नाही, शाळा सुटल्यावर गेले. सायकल काढली, होळकर पुलावरून पलीकडे, रविवार कारंजा, अशोकस्तंभ, आणि पुढे गंगापूर रोडचा चढ. मालतीबाईंना वाटलं मी गाळणी न्यायला आले. निर्मलाताई मागच्या अंगणात चिवडा खात बसल्या होत्या. मी समोर उभी राहून म्हटलं, "मला तो पत्ता परत बघायचाय."

"नशीब परत परत बघायचं नसतं गं."

"नशीब नाही बघायचं. माणूस बघायचाय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, चिवड्याची बशी माझ्या हातात दिली आणि आतून पत्ते आणले. तो काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. "बघ पोटभर."

मी बघितलं. उन्हात बघितलं. पहिली गोष्ट म्हणजे, जीभबीभ काही बाहेर आलेली नव्हती. चेहरा अगदी शांत, जेवून ओसरीवर बसलेल्या माणसासारखा. डोक्यामागे पिवळं तेज, आपल्या देवांच्या तसबिरीत असतं तसलं. केस सरळ खाली, म्हणजे तो हेलकावे खात नव्हता, स्थिर होता. "याच्या तोंडावर लाली नाही," मी म्हटलं. "उलटं राहिलं की तोंड टोमॅटोसारखं होतं. चित्र काढणारा कधी लटकलेला दिसत नाही." निर्मलाताई हसायला लागल्या. मी हसले नाही, मी कामात होते. घोट्याला दोर होता तो बांधलेला होता, कुणीतरी बांधला होता. आमच्याकडे दोराला गाठ मारायची रीतच नाही, नुसता वेढा घ्यायचा आणि स्वतःच्या वजनाने तो पक्का करायचा. पायाची बोटं सैल सोडलेली. कुमुदताईंनी बघितलं असतं तर काठीच मारली असती. मुडपलेला पाय मात्र सुरेख होता.

"याचे हात बांधलेत?" मी विचारलं.

निर्मलाताईंनी चष्मा लावला. "मी तेच विचारलं होतं शिकताना. दिसत नाही ना? कुणी म्हणतं बांधलेत, कुणी म्हणतं त्याने आपणच मागे धरलेत. तुला काय वाटतं?"

"मोकळे असतील तर हा मूर्ख आहे," मी म्हटलं. "हात मोकळे असताना असं राहायचं कशाला? पोटातून वर उठायचं, पायाच्या वरचा दोर दोन्ही हातांनी धरायचा, भार हातांवर घ्यायचा की पाय सुटतो." आणि एवढं बोलून मी माझ्याच हातांकडे बघितलं. कारण मांडवात माझे हात मोकळे होते. दोन्ही. मी ते हवेत मारत राहिले, पण वर नेले नाहीत. मला लटकायला शिकवलं होतं, अडकल्यावर परत यायला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. चिवड्याचा घास तसाच तोंडात राहिला. निर्मलाताई काही विचारायच्या आत मी पत्ता त्यांच्या हातात दिला, नमस्कार केला आणि सुटले. गाळणी पुन्हा राहिली.

तशीच तालमीत गेले. कुमुदताईंना सगळं सांगितलं, पत्ता, आई, टाळ्या, माझा खोकला, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पत्त्यातल्या माणसाला उतरायला शिकवायचं म्हणतेस. बरं आहे. चूक माझीही आहे, ते आधी शिकवायला हवं होतं. पण घरून 'हो' आल्याशिवाय तू माझ्या दोराला हात लावायचा नाहीस." मी विनवण्या केल्या. उपयोग शून्य. त्यांनी मला जमिनीवर पाठ टेकून पोटाचे व्यायाम करायला लावले, आणि घोट्याचा वेढा कसा घ्यायचा, पीळ पिळावर चढू नये म्हणून अंगठा कुठे ठेवायचा, ते एका छोट्या दोरीवर माझ्या पायाला लावून लावून दाखवलं. मी घरी रोज तेच करत बसायची. आई बघायची. जमिनीवरच्या कसरतीला तिची हरकत नव्हती.

मग मी नानांना धरलं. आईच्या विरुद्ध त्यांनी जन्मात काही केलं नव्हतं, त्यामुळे मला फारशी आशा नव्हती. मी गिरणीत जाऊन त्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं, अर्धं त्यांना ऐकू गेलं असेल. त्यांनी जात्यात ज्वारी सोडली, पीठ चिमटीत घेऊन चोळून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "तुला भीती वाटती का?"

"वाटते."

"मग?"

"मग काय, वाटू दे."

त्यांनी मान हलवली. गिऱ्हाइकाचा डबा आला की हलवायचे तशीच. आठवड्यातून एक दिवस आमच्या भागात वीज नसायची, त्या दिवशी गिरणी बंद. त्या दिवशी दुपारी नाना तालमीत गेले आणि कुमुदताईंकडून जुना दोर मागून आणला. त्या म्हणाल्या, बाप खाली उभा राहणार असेल तर न्या. गिरणीच्या छताला लोखंडी गर्डर होता, त्यावर नानांनी दोर चढवला, स्वतः त्याला धरून पाय उचलून लोंबकळले, धोतर सावरत पुन्हा उतरले. खाली कोंड्याची पोती रचली. आईला सांगायचं का, मी विचारलं. "चहा घेऊन येईलच ती," नाना म्हणाले. तेव्हा मला समजलं नाही, पण आता वाटतं, त्या माणसाने सगळं नीट ठरवून केलं होतं.

मी चढले. गिरणीत इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. घोट्याला वेढा घेतला, अंगठा दाबला, पीळ पाहिला, पुन्हा पाहिला. हातांनी दोर सोडायचा होता. हात सोडेनात. नाना खाली उभे, वर न बघता पोत्याची गाठ ओढत होते. मी मनात त्या विलायती माणसाला एक शिवी दिली, आईला माहीत नसलेली, आणि हात सोडले. जग उलटलं. नानांच्या वहाणा वर, छत खाली. रक्त धावत डोक्यात आलं, कान धडधडायला लागले, मांडवातलं सगळं परत आलं. मी दुसरा पाय मुडपला. हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले, त्याच्यासारखे. म्हटलं, हं, आता आपण दोघं सारखे. किती वेळ तशी राहिले कोण जाणे. भीती गेली नाही, पण ती एका जागी बसून राहिली आणि मला तिच्या शेजारी राहता आलं.

आणि जिन्यावर आईची पावलं वाजली.

कपबशी फुटल्याचा आवाज आला. आई किंचाळली, काय किंचाळली ते मला आठवत नाही, आणि पोती तुडवत येऊन तिने मला खांद्याखाली धरून वर उचललं. सगळ्या ताकदीनिशी उचललं. "अहो, बघता काय! उतरवा पोरीला!" तिचा उलटा चेहरा माझ्या चेहऱ्याला लागला होता, ओला होता. आणि तिने उचलल्याबरोबर माझा भार गेला, दोर सैल पडला, घोट्याचा वेढा सरकायला लागला. मला तो सरकताना जाणवत होता.

"आई, सोड."

"नाय सोडणार."

"आई, ऐक. तू उचललंस की वेढा सुटतो. सुटला की मी डोक्यावर पडेन. माझ्या वजनानेच तो धरतो. हळू सोड. एकदम नको, हळू."

"कशी सोडू गं? कशी सोडू?"

"मला वर येता येतं. या वेळी येतं. बघ तरी."

नाना आमच्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांनी तिला ओढलं नाही की काही सांगितलं नाही. आईच्या बांगड्या माझ्या कानाशी वाजत होत्या. मग एक हात थोडा खाली आला. माझा भार पायावर गेला, दोर ताणला गेला, घोट्याला चावला. मी म्हटलं, "असंच." दुसरा हात खाली आला. तिची बोटं माझ्या केसांतून निघाली आणि ती मागे सरली, एकच पाऊल. मी मोकळी लटकत होते आणि माझी आई समोर उभी राहून बघत होती. तिने डोळे मिटले नाहीत.

मी पोटातून वर उठले. बोटं दोराला नुसती लागली आणि मी परत खाली आले. आई पुढे झेपावली आणि स्वतःच थांबली, दोन्ही हात छातीशी आवळून. मी श्वास घेतला, दात खाल्ले आणि पुन्हा उठले. या वेळी दोर मुठीत आला. एक हात, दुसरा हात. भार हातांवर घेतला, पाय हलवला, वेढा सुटला. मग सरसर खाली न येता, कुमुदताईंनी शिकवलं होतं तशी, सावकाश, अंगठ्याने दोर धरत धरत उतरले. कोंड्याच्या पोत्यावर पाय टेकले.

आईने खाली बसून माझा पाय मांडीवर घेतला. घोट्यावर लाल वळ उठला होता, तिने तो पदराने पुसला, जसं काही तो पुसला जाणार होता. मग दोराचं टोक हातात घेऊन ती वरपर्यंत बघत राहिली. तिने तो एकदा ओढून पाहिला, घोट्याला कसा गुंडाळला होता ते माझ्याच पायावर करून पाहिलं.

"कशानं धरतं हे?" तिने विचारलं. "गाठबीठ तर दिसत नाय."

"मीच धरते."

नाना वाकून कपाचे तुकडे वेचत होते. मग तिने नाक ओढलं, पदर खोचला, एक पोतं ढकलून भिंतीला लावलं आणि त्यावर नीट बसली, जमिनीवर पाय रोवून, हात मांडीवर ठेवून.

"परत कर," आई म्हणाली.